सोडणे आणि सुटणे : प्रेरक संवाद लाइफ कोचिंगच्या दारात

एखादे पुस्तक कुठून निघाले आणि कुठे पोचले हे पाहायचे असेल तर त्याच्या आवृत्त्यांची उपशीर्षके ओळीने वाचावीत. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांच्या 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. उपशीर्षकाचा आशय होता : व्यसनी वर्तन बदलण्यासाठी माणसांची तयारी. २००२च्या दुसऱ्या आवृत्तीत 'व्यसन' गळाले आणि नुसती बदलाची तयारी उरली. २०१३च्या तिसऱ्या आवृत्तीत 'तयारी'ही गेली. माणसांना बदलायला मदत, एवढेच राहिले. २०२३च्या चौथ्या आवृत्तीत काही गळाले नाही, उलट एक शब्द वाढला. आता ते पुस्तक माणसांना बदलायला 'आणि वाढायला' मदत करते. दारूच्या दवाखान्यात जन्मलेले तंत्र ३२ वर्षांत 'वाढी'पाशी आले. हा शब्द दवाखान्यातला नाही. दारू सुटावी म्हणून आलेल्या माणसाला कोणी 'वाढा' म्हणत नाही. तो शब्द लाइफ कोचिंगच्या जगातला आहे.

पुणे-मुंबई-बंगळूरमध्ये स्वतःला लाइफ कोच म्हणवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात या तंत्राचे तुकडे आज सर्रास दिसतात : खुले प्रश्न, 'शून्य ते दहामध्ये तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल' ही पट्टी, समोरच्याचेच शब्द त्याला परत देण्याची लकब. हे तुकडे चांगले आहेत. पण ज्या घरातून ते आणले, तिथे एक गोष्ट गृहीत होती. माणसाने कोणत्या दिशेने बदलावे याबद्दल तिथे कोणाचे दुमत नव्हते. यकृत खराब होत चाललेल्या माणसाने दारू कमी करावी, हे डॉक्टरला, बायकोला आणि बहुतेक वेळा खुद्द त्यालाही मान्य असते. कोचिंगमध्ये दिशाच वादाची असते. मग दिशा ठरलेली असताना वापरायचे तंत्र, दिशा ठरायची असताना वापरले तर काय होते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी नावाचा घोळ. 'इंटरव्ह्यू'ला मराठीत मुलाखत म्हणावे तर डोळ्यांपुढे नोकरीचे टेबल किंवा दिवाळी अंकातला नट येतो. 'मोटिव्हेशनल'ला प्रेरणादायी म्हणावे तर सभागृह, हातातला माइक आणि टाळ्या. या तंत्रात प्रेरणा कोणी देत नाही. ती समोरच्याकडे आधीच आहे आणि ती त्याच्या तोंडून काढून घ्यायची आहे, हाच तर त्याचा दावा. मी नाइलाजाने 'प्रेरक संवाद' म्हणतो. वाचकाने 'प्रेरक'पेक्षा 'संवाद'वर भर द्यावा.

मिलर हे अल्बुकर्कीच्या न्यू मेक्सिको विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. १९८२ साली ते नॉर्वेत बर्गनजवळच्या येलेस्टाड दवाखान्यात काही काळ राहिले होते. तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञांनी त्यांना नुसते व्याख्यान देऊ दिले नाही. ते स्वतः रुग्णाची भूमिका घेत आणि मध्येच थांबवून विचारत : आत्ता हाच प्रश्न का विचारला? या वाक्याला उत्तर दिले, त्या वाक्याला का नाही दिले? आपण हाताने करत आलेली गोष्ट मिलर यांना प्रथमच शब्दांत मांडावी लागली. त्यातून १९८३चा निबंध तयार झाला. पुढे १९८९मध्ये ऑस्ट्रेलियात त्यांची रोलनिक यांच्याशी गाठ पडली. रोलनिक मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, काम वेल्समधल्या कार्डिफमध्ये. त्या भेटीतून पुस्तक झाले. एका कलेचे व्याकरण शिष्यांच्या टोचणीमुळे लिहिले गेले, ही हकिकत मला पुस्तकातल्या अनेक सिद्धांतांपेक्षा अधिक बोलकी वाटते. कारण 'हेच वाक्य का निवडले' हाच पुढे या तंत्राचा कस ठरतो.

त्या वेळच्या अमेरिकेत व्यसनी माणसाशी बोलण्याची रीत वेगळी होती. त्याचा 'नकार' फोडायचा, त्याला सर्वांसमोर उघडा पाडायचा. १९५८मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सिनॅनॉन या वसाहतीत तर गोल बसून एकेकाला शिव्यांनी सोलून काढणे हाच उपचार मानला जाई. मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात याची उलटतपासणी आहे. समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, तितकी रुग्णाची दारू वर्षभरानंतर जास्त आढळली. चाळीसेक माणसांच्या अभ्यासावर इमला रचू नये, हे खरे. पण ज्यांच्या घरात रोज रात्री 'किती वेळा सांगितलं' हे वाक्य ऐकू येते, त्यांना या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

तंत्राचे मर्म थोडक्यात असे. बदलाच्या उंबरठ्यावरच्या माणसाच्या मनात दोन आवाज असतात. एक बदलाच्या बाजूचा, एक 'आहे ते बरे आहे' म्हणणारा. तुम्ही पहिल्या आवाजाची वकिली केली की तो बिचारा दुसऱ्याची वकिली करू लागतो, आणि बोलता बोलता स्वतःचेच ऐकून तिकडे पक्का होतो. माणूस स्वतःला काय वाटते हे बरेचदा स्वतःचे बोलणे ऐकून ठरवतो, हे डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाचे म्हणणे इथे पायाशी आहे. ऐकून घेण्याची रीत कार्ल रॉजर्सची. म्हणून समुपदेशकाने वकिली सोडायची आणि बदलाचा युक्तिवाद त्याच्याच तोंडी येईल अशी बोलण्याची मांडणी करायची. पट्टीचा प्रश्न पाहा. 'दारू कमी करणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते, शून्य ते दहा?' समोरचा म्हणतो, चार. नवशिका विचारतो, 'चारच का? आठ का नाही?' आणि मग न सोडण्याची कारणे तासभर ऐकत बसतो. जाणता विचारतो, 'चार का? शून्य का नाही?' आता उत्तरात मुलगी येते, पगार येतो, सकाळी थरथरणारा हात येतो. फक्त प्रश्न फिरला आणि माणूस दुसऱ्या बाजूने बोलू लागला. त्याची वाक्ये वेचायची, थोडी खोल करून परत द्यायची, शेवटी एकत्र बांधून पुढे ठेवायची. फुले वेचून गुच्छ करावा तसे, अशी उपमा या तंत्राच्या शिकवणीत नेहमी येते.

मराठी वाचकाला याच्या उलट टोकाचा उपचार जास्त ओळखीचा आहे. अल्बर्ट एलिसचा विवेकनिष्ठ मानसोपचार महाराष्ट्रात चांगला रुजला. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस'मुळे तो साहित्याच्या वाचकापर्यंतही पोचला. एलिस वाद घालतो. तुझा समज चुकीचा आहे, पुरावा दाखव, असे तो उघड म्हणतो. वादविवादाची आवड असलेल्या आपल्या समाजाला ते मानवले, यात आश्चर्य नाही. पण एलिसच्या रीतीत एक प्रामाणिकपणा आहे जो मिलरच्या रीतीत आपोआप येत नाही : एलिस तुम्हाला कुठे न्यायला पाहतो आहे हे तुम्हाला दिसत असते. त्याच्याशी भांडता येते. जो तुमचेच शब्द तुम्हाला परत देतो त्याच्याशी कशावरून भांडणार?

तंत्र चालते का? चालते, बेताने चालते. अमेरिकेतल्या 'प्रोजेक्ट मॅच' या मोठ्या चाचणीत, जिचे मुख्य निष्कर्ष १९९७मध्ये आले, दारूच्या १,७२६ रुग्णांना तीन उपचारांत वाटले होते. दोन उपचार १२ बैठकांचे होते. प्रेरक संवादावर बेतलेला तिसरा फक्त ४ बैठकांचा. वर्षभराने तिघांचे निकाल जवळपास सारखे निघाले. याचा अर्थ दोन्हीकडून लावता येतो. चार बैठकांत बारा बैठकांचे काम झाले, असे समर्थक म्हणतात. कोणताही उपचार दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही, असे टीकाकार म्हणतात. २०१०मध्ये ११९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्याचाही सूर हाच : काहीच न करण्यापेक्षा हे बरे, दुसऱ्या चांगल्या उपचाराइतकेच बरे, पण वेळ कमी. आणि या अभ्यासांतला मोठा भाग दारू, तंबाखू, अमली पदार्थ, आरोग्याच्या सवयी यांचा. 'मी करिअर बदलू का', 'मी हे लग्न टिकवू का' या प्रश्नांसाठी त्या आकड्यांचा आधार घेणे म्हणजे मधुमेहाच्या औषधाचे निकाल दाखवून टॉनिक विकणे.

आपल्या अगदी शेजारचा एक पुरावा मात्र इथे सविस्तर सांगायला हवा, कारण तो कौतुकाला आणि टीकेला, दोन्हींना लागतो. गोव्यात 'संगत' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी केली. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ती २०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती, आणि त्यांच्या बोलण्याचा बाज प्रेरक संवादाचा होता. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेखाली आले होते. नेहमीच्या, थोड्या सुधारलेल्या सेवेच्या गटात २६ टक्के. फरक दहा टक्क्यांचा, डोळे दिपवणारा नाही. पण आरोग्य केंद्राच्या गर्दीत, चार बैठकांच्या आत, साध्या माणसांनी तो घडवला. हे तंत्र आपल्या मातीत चालत नाही, असे म्हणण्याची सोय यापुढे नाही. याच कामातली दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. हे समुपदेशक आपल्या बैठका ध्वनिमुद्रित करत, एकत्र बसून एकमेकांच्या बैठका ऐकत आणि त्यांना गुण देत. त्याकडे पुढे येतो.

तंत्र इथे चालते हे मान्य केल्यावर खरा मनोरंजक प्रश्न उरतो तो भाषेचा, आणि तो साहित्याच्या माणसांनी हाती घ्यावा असा आहे. २००३मध्ये पॉल अॅम्र्हाइन या भाषा-मानसशास्त्रज्ञाने मिलर यांच्याबरोबर काम करून अमली पदार्थ घेणाऱ्यांच्या बैठकांतली वाक्ये तपासली. 'मला वाटते', 'मला जमेल', 'मला गरज आहे' या वाक्यांच्या जोरावरून पुढचे वर्तन कळत नव्हते. 'मी करणार' या बांधिलकीच्या वाक्यांचा जोर बैठकीच्या शेवटाकडे चढत गेला असेल तर कळत होते. तेव्हापासून समुपदेशकांना इच्छा, क्षमता, कारण, गरज आणि बांधिलकी ही वाक्ये कानाने वेगळी करायला शिकवतात. ही वर्गवारी इंग्रजीच्या साहाय्यक क्रियापदांवर उभी आहे. मराठीत ती तशीच उतरत नाही.

एक उदाहरण. 'पाहिजे' हे मराठीत इच्छाही आहे आणि गरजही. 'मला दारू पाहिजे' आणि 'मला दारू सोडायला पाहिजे' या दोन वाक्यांत तोच शब्द दोन विरुद्ध बाजूंची वकिली करतो. 'सोडायला हवी' म्हणणारा माणूस बहुधा स्वतःचे मत सांगत नसतो. तो बायकोचे, आईचे, डॉक्टरचे वाक्य वाचून दाखवत असतो. इंग्रजी वर्गवारीत ते 'गरज' म्हणून नोंदले जाईल. ऐकणाऱ्या मराठी कानाला त्यातला उसनेपणा लगेच कळतो.

काळाचेही तसेच. व्याकरणात भविष्यकाळ 'सोडेन' हा आहे, पण मराठीत 'उद्या येतो' म्हणणारा येतो आणि 'उद्या येईन' म्हणणाऱ्याची वाट पाहू नये, हे सगळ्यांना माहीत असते. वर्तमानकाळी 'सोडतो' अधिक पक्के. 'बघतो' म्हणजे काय, हे तर सरकारी कचेरीत एकदा तरी गेलेल्या कोणालाही विचारावे. आणि शपथ! मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ कोणत्याही मोजपट्टीवर बांधिलकीचे शेवटचे टोक ठरेल. पिणाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलांना विचारा. त्या डोक्यांना त्या हाताची किंमत माहीत असते.

पण सर्वांत मोठी अडचण, आणि माझ्या मते सर्वांत मोठी संधी, आहे सोडणे आणि सुटणे या जोडीत. 'मी दारू सोडत नाही' असे कोणी म्हणत नाही. 'दारू सुटत नाही' असे म्हणतात. कर्ता दारू आहे. माणूस तिच्या हातात आहे. 'जमत नाही', 'होत नाही', 'राहवत नाही', 'प्यावीशी वाटते' : मराठीतला व्यसनी माणूस आपल्या वाक्यांचा कर्ता क्वचितच असतो. ज्याच्यावर गोष्टी घडतात असा तो 'मला'मध्ये उभा असतो. प्रेरक संवाद ज्या निवडीच्या स्वातंत्र्यावर उभा आहे, तिचे व्याकरण इथे आधीच मोडलेले असते. कच्चा समुपदेशक ते दुरुस्त करायला जातो : 'सुटत नाही म्हणू नका, सोडत नाही म्हणा.' ही शिकवणी झाली, आणि शिकवणीला माणूस पाठ फिरवतो. पक्का समुपदेशक काय करील? समजा, एक रिक्षावाला म्हणतो, 'काका, लय प्रयत्न केला, सुटतच नाय.' त्यावर तो म्हणेल, 'लई प्रयत्न केलात.' एवढेच. माणूस ज्या अर्ध्या वाक्यात कर्ता होता, तो अर्धा उचलायचा. 'हां, गणपतीत दहा दिवस नव्हती घेतली.' 'दहा दिवस राहिलात.' 'राहिलो की.' सुटण्याच्या वाक्यातून माणूस राहण्याच्या वाक्यात आला. आणि 'राहिलो'चा कर्ता तो स्वतः आहे. हा संवाद माझ्या कल्पनेतला आहे, पण तंत्राची मराठी अशी घडवावी लागेल. अनुवादित पुस्तिकांमधले 'आपणास असे वाटते की आपण निराश आहात' हे वाक्य ऐकून कोणीही पुन्हा येणार नाही. 'तुमचं म्हणणं असं की...' या सुरुवातीला तर आपल्याकडे न्यायालयाचा आणि टीव्हीवरच्या चर्चांचा वास येतो.

स्वातंत्र्याची ग्वाही देणारे वाक्यही असेच फसते. इंग्रजीत 'निर्णय तुमचा आहे' हे वाक्य आदराचे. आपल्या घरात तेच वाक्य भांडण संपवून दार आपटताना म्हणतात : तुझं तू बघ. समुपदेशकाने सौम्यपणे म्हटले तरी समोरच्याला आपल्याला सोडून दिल्यासारखे वाटू शकते. 'तुम्ही सांगाल तसं, डॉक्टर' हे उत्तर त्या भीतीतून येते. म्हणून ते वाक्य एकटे सोडता येत नाही. 'ठरवायचं तुम्हीच, पण मी इथेच आहे' असा त्याला शेजार द्यावा लागतो. हे बारकावे दारूच्या कामात झिजलेल्या माणसांना ठाऊक असतात. १९८६मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणपासून आजवर महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या बोलण्याची एक स्वतःची मराठी तयार झाली आहे. लाइफ कोचिंगकडे तशी मराठी नाही. त्याचे बोलणे अर्धे इंग्रजी आणि उरलेले अर्धे इंग्रजीचे भाषांतर असते.

आता कोचिंगकडे. त्याचे कूळ दवाखान्यातले नाही, मैदानातले आहे. टिमथी गॅल्वे या टेनिस प्रशिक्षकाने १९७४मध्ये 'द इनर गेम ऑफ टेनिस' लिहिले. खेळाडूला सूचना कमी द्या, त्याला स्वतःचा फटका पाहू द्या, असा त्याचा गाभा. जॉन व्हिटमोर या ब्रिटिश मोटार-शर्यतपटूने ते कंपन्यांत नेले आणि १९९२मध्ये 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' लिहिले. थॉमस लेनर्ड या आर्थिक सल्लागाराने अमेरिकेत कोचांचे शिक्षण आणि १९९५मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. टेनिस, मोटारी, पैसा. तिन्हीकडे पुढे जाणे हे चांगलेच असते, त्याबद्दल शंका नसते. आपल्याकडच्या शिबिरांत याला वर अर्जुनाची फोडणी मिळते. कुरुक्षेत्रावरचा अर्जुन हा पहिला क्लायंट आणि कृष्ण पहिला कोच, हे वाक्य किती वक्त्यांकडून ऐकले असेल! कृष्णाची सुरुवात झणझणीत कानउघाडणीने होते, मग सतरा अध्याय युक्तिवाद, आणि निवडीचे स्वातंत्र्य अठराव्यात, तेही शेवटाकडे. मिलर यांच्या मोजपट्टीवर कृष्णाला गुण फार कमी पडतील. त्यात कृष्णाची हानी नाही. पण ही तुलना करणाऱ्यांनी दोन्ही ग्रंथ बाजूला ठेवून भाषण लिहिले आहे, एवढे कळते.

कोचिंगने प्रेरक संवाद उचलला यात नैसर्गिक ओढ आहे. दोघेही सल्ला देत नाहीत, दोघेही माणसाकडे क्षमता आहे असे मानतात. आणि जे ओरडून 'उठा, पेटून उठा' म्हणतात त्यांच्यापेक्षा ऐकून घेणारा कोच हजारपट बरा. इथवर माझी तक्रार नाही. ती सुरू होते वेचण्यापासून.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीतली चाळिशीची बाई. बढती देऊ केली आहे, पण गुरुग्रामला जावे लागेल. कंपनीने तिच्यासाठी कोच नेमला आहे; फी कंपनी देते. पहिल्या बैठकीत ती म्हणते, 'जायला तर हवं. एवढी संधी परत नाही येणार. पण आईला तिकडची हवा सोसणार नाही, आणि खरं सांगू का, मला हे काम असंही फार आवडत नाहीये.' कोच तंत्रात तयार आहे. तो म्हणतो, 'संधी परत येणार नाही, असं तुम्हाला आतून वाटतंय.' पुढे पट्टी. ती सहा म्हणते. 'सहा का, दोन का नाही?' ती बोलू लागते : पैसा, पद, स्वतःला सिद्ध करणे. तासाच्या शेवटी गुच्छ : 'तुम्ही म्हणालात की ही संधी परत येणार नाही, तुम्हाला स्वतःला सिद्ध करायचंय, पैशाचीही मदत होईल.' सगळी वाक्ये तिची आहेत. एकही शब्द कोचने घातलेला नाही. आणि तरीही गुच्छ कंपनीचा आहे. 'हे काम मला आवडत नाहीये' हे त्या तासातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य कदाचित असेल. ते देठावरच राहिले. ती बाहेर पडेल तेव्हा तिला वाटेल की निर्णय आपण घेतला. दटावणाऱ्या साहेबापुढे तिला निदान राग तरी आला असता.

मिलर आणि रोलनिक यांना हे दिसले नव्हते असे नाही, आणि टीकाकाराने ते लपवू नये. २००९मध्ये त्यांनी प्रेरक संवाद काय नाही याची दहा कलमे लिहिली. लोकांना गंडवून त्यांच्याकडून नको ते करवून घेण्याची ही युक्ती नव्हे, हे त्यांत आहे. तिसऱ्या आवृत्तीत या रीतीच्या वृत्तीमध्ये त्यांनी 'करुणा' जोडली : समोरच्याचे हित आधी. कारणही दिले. विक्रेतेसुद्धा याच रीती वापरू शकतात, म्हणून. पुस्तकाच्या या दुरुस्तीचा मी आदर करतो, पण समीक्षक म्हणून मला ती अपुरी वाटते. बाकीची कौशल्ये ध्वनिमुद्रण ऐकून मोजता येतात : प्रश्न किती, परत दिलेली वाक्ये किती. करुणा अशी मोजायला बसलो तर स्वराचा हळुवारपणा मोजला जातो, आणि हळुवार स्वर विक्रेत्यापाशीही असतो. फी कोण देतो, हा प्रश्न मात्र कोणत्याही वृत्तीच्या यादीत नाही.

त्याहून महत्त्वाची त्यांची दुसरी सूचना, जी कोचिंगने जवळजवळ ऐकलीच नाही. काही प्रश्नांत मदत करणाऱ्याने तोल धरून राहावे, असे ते सांगतात : मूत्रपिंड दान करावे का, मूल दत्तक घ्यावे का. अशा वेळी एका बाजूची फुले वेचायची नाहीत. दोन्ही बाजू सारख्याच नीट ऐकायच्या. लाभ आणि तोटे यांचे दोन रकान्यांचे कोष्टक तिथे शोभते. उलट, दिशा ठरलेली असताना हेच कोष्टक घात करते. मिलर आणि गॅरी रोझ यांनी २०१५मध्ये दाखवले की द्विधा मनाच्या माणसाकडून दोन्ही रकाने भरून घेतले तर बदलाची बांधिलकी कमी होण्याकडे कल असतो. म्हणजे कोष्टक की वेचणी, हे विषय पाहून आधी ठरवायचे आहे. कोचिंगच्या पुस्तिका काय करतात? पहिल्या बैठकीत सगळ्यांना कोष्टक, दुसरीपासून सगळ्यांना वेचणी. सिगारेट सोडणाऱ्याला पहिल्या दिवशी सिगारेटचे फायदे लिहायला लावायचे आणि नवऱ्याला सोडावे का या विचारात असलेल्या बाईची 'बदला'ची वाक्ये दुसऱ्या दिवसापासून उजळत न्यायची. दोन्हीकडे उलटे.

यामागे आळस नाही, अर्थकारण आहे. तोल धरून राहणाऱ्या कोचच्या संकेतस्थळावर काय लिहिणार? 'त्या माझ्याकडे आल्या आणि सहा बैठकांनंतर त्यांनी काहीही न बदलण्याचे ठरवले.' दवाखान्यात हे अपयश. जीवनात ते कधीकधी शहाणपण. 'आहे ते बरे आहे' म्हणणाऱ्या आवाजाला दवाखान्यात रोगाची बाजू मानता येते. कोचिंगमध्ये तोच आवाज आईच्या दम्याचा, गावातल्या जमिनीचा, किंवा नुसत्या दमलेल्या शरीराचा असू शकतो. शिवाय आपल्या समाजात तो आवाज पुष्कळदा माणसाच्या आत नसतोच. नोकरी करू पाहणाऱ्या सुनेचे 'पण' हे तिच्या मनातले द्वंद्व नाही. ते स्वयंपाकघरात बसलेले आहे, त्याला नाव आहे, नाते आहे. त्याला तिच्या मनातली द्विधा म्हणून हाताळणे म्हणजे सासरच्यांचा प्रश्न तिच्या खात्यावर टाकणे.

प्रशिक्षणाबद्दल थोडे. मिलर आणि कॅथलीन माउंट यांनी २००१मध्ये एका कार्यशाळेचा परिणाम तपासला. शिकणारे होते शिक्षा झालेल्यांवर देखरेख करणारे कर्मचारी. कार्यशाळेनंतर त्यांनी आपापल्या प्रगतीला भरघोस गुण दिले. प्रत्यक्ष बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकले तर बदल जेमतेम, आणि समोरच्यांच्या बोलण्यात काही फरक नव्हता. २००४मध्ये १४० व्यावसायिकांवर केलेल्या पुढच्या अभ्यासात दिसले की कार्यशाळेनंतर कोणी त्यांच्या बैठका ऐकून अभिप्राय देत राहिले किंवा मार्गदर्शन करत राहिले, तरच कौशल्य टिकते. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. लाइफ कोच व्हायला पाटी लागते. आणि नोंदणी नाही याहून मला जास्त खटकते ते हे की बंद खोलीतले ते बोलणे दुसरा कोणी ऐकत नाही. गोव्याच्या आरोग्य केंद्रांतली साधी माणसे पदव्यांवाचून चांगले काम करू शकली, कारण आठवड्याच्या आठवड्याला त्यांचे बोलणे सहकारी ऐकत होते.

कोचांच्या एखाद्या गटाने हे सुरू करायचे ठरवले तर मोजायचे काय, हेही बदलावे लागेल. आज गुण मिळतात ते बदलाच्या बाजूची किती वाक्ये बाहेर आली यावर. दिशा ठरलेली नसलेल्या बैठकीचे मुद्रण घेऊन दुसरीच मोजणी करता येईल : समोरच्याच्या कोणत्या वाक्यांना काहीच उत्तर मिळाले नाही, त्यांतली शेवटच्या सारांशात किती आली, आणि बैठकीची फी ज्याने भरली त्याच्या सोयीची किती होती. गुरुग्रामच्या त्या बैठकीत या मोजणीला दोनच वाक्ये सापडतील, एक आईचे आणि एक कामाचे.